नाव एक, हिशेब दोन: ओबामाकेअर आणि २०१७ च्या विधेयकातले टॅक्स क्रेडिट

अमेरिकेतला २०१० चा ‘अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट’, अर्थात ओबामाकेअर, रद्द करून त्या जागी नवा कायदा आणण्याचा वाद २०१७ साली पेटला, तेव्हा नोकरीतून विमा न मिळणाऱ्यांना हप्त्यासाठी टॅक्स क्रेडिट देण्याची तरतूद दोन्हीकडे होती. नाव एकच असल्याने हिशेबही एकच असेल, असा समज सहज होतो. (आपल्याकडे आरोग्य विम्याच्या हप्त्यावर मिळते तशी ही उत्पन्नातून होणारी वजावट नव्हे, कर लागत नसला तरी ही रक्कम मिळते.)

जुन्या कायद्यात आधी कुटुंबाची ऐपत पाहिली जाते. उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांइतका हप्ता कुटुंबाने भरायचा आणि त्या भागातल्या ‘सिल्व्हर’ या मध्यम दर्जाच्या गटातील दुसऱ्या सर्वांत स्वस्त पॉलिसीच्या दरापर्यंतची उरलेली रक्कम सरकारने द्यायची. त्यामुळे विमा कंपन्यांनी दर वाढवले, तर वाढीचा बोजा मुख्यतः सरकारी तिजोरीवर पडतो. प्रतिनिधिगृहाने ४ मे २०१७ रोजी २१७ विरुद्ध २१३ मतांनी संमत केलेल्या विधेयकात मात्र रक्कम वयावर बांधलेली होती: तिशीच्या आतल्यांना वर्षाला २,००० डॉलर, साठीपुढच्यांना ४,०००. वरचे ज्याचे त्याने पाहायचे. शिवाय वयस्करांना तरुणांच्या तिपटीऐवजी पाचपट हप्ता लावण्याची मुभा होती.

याचा परिणाम संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने मार्च २०१७ मध्ये मूळ मसुद्यावर केलेल्या, २०२६ सालासाठीच्या अंदाजात स्वच्छ दिसतो. वर्षाला २६,५०० डॉलर कमावणाऱ्या ६४ वर्षांच्या व्यक्तीला जुन्या कायद्यात १५,३०० डॉलरच्या हप्त्यापैकी पदरचे १,७०० भरावे लागले असते. नव्यात हप्ता १९,५०० वर जाऊन महागाईबरोबर वाढून तोवर ४,९०० झालेले क्रेडिट वजा केल्यावर १४,६०० उरले असते, म्हणजे निम्म्याहून अधिक कमाई. त्याच वयाची, पण ६८,२०० डॉलर कमावणारी व्यक्ती मात्र नव्यात किंचित फायद्यात राहिली असती, कारण जुन्या कायद्याच्या उत्पन्नमर्यादेबाहेर असल्याने तिला काहीच मिळत नव्हते. या मध्यमवर्गाची तक्रार रास्तच होती. तिच्यावरचा उपाय गरीब वृद्धांच्या खिशातून काढला गेला, हे माझ्या मते विधेयकाचे खरे दुखणे होते.

सिनेटच्या नेतृत्वालाही ते उमगले असावे. त्यांच्या मसुद्यात क्रेडिट पुन्हा उत्पन्नाशी जोडले गेले, पण २५ जुलैला लागणाऱ्या ६० मतांपैकी त्याला ४३ च मिळाली. आणि २८ जुलैला ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडलेल्या शेवटच्या आटोपशीर प्रस्तावात तर क्रेडिटला हातच लावलेला नव्हता.