चिकटण्यातून संदेशाकडे : पेशी-आसंजन संशोधनाची पार्श्वभूमी

शरीरातील बहुतेक पेशींना शेजारच्या पेशीला किंवा भोवतीच्या तंतुमय आधारद्रव्याला धरून राहावे लागते आणि ही पकड सुटली की त्यांची वाढ थांबते, अनेकदा त्या मरतातही. ही पकड म्हणजे नुसती यांत्रिक जोड नाही, तिच्यातूनच पेशीला भोवतालाची खबर मिळते, हे मान्य व्हायला जवळजवळ सगळे विसावे शतक जावे लागले.

१९०७ मध्ये अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळला. सुट्या झालेल्या पेशी समुद्राच्या पाण्यात तळाशी बसल्या, सरपटत एकमेकींजवळ आल्या आणि त्यांच्या गोळ्यांतून पुन्हा स्पंज तयार झाला. पुढे १९५५ मध्ये टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी उभयचरांच्या भ्रूणातील निरनिराळ्या थरांच्या पेशी वेगळ्या करून एकत्र मिसळल्या, तेव्हा त्यांनी आपापली जागा शोधली आणि त्वचेच्या पेशी बाहेरच्या बाजूस आल्या. पेशी कोणालाही चिकटत नाहीत, निवड करतात, एवढे यातून स्पष्ट झाले. पण निवड करणारा रेणू कोणाच्याच हाती नव्हता, आणि रेणूवाचून या निरीक्षणांना पुढे वाट नव्हती.

ती वाट काही अंशी एका द्रावणातील फरकामुळे सापडली. मासातोशी ताकेइची क्योटोहून बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत गेले, तेव्हा ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या विकराने (एन्झाइमने) सुट्या केलेल्या पेशी तिथे पूर्वीसारख्या एकत्र येईनात. तिथल्या ट्रिप्सिनच्या द्रावणात कॅल्शियम बांधून ठेवणारे ईडीटीए हे रसायन होते, क्योटोतल्या द्रावणात ते नव्हते. कॅल्शियम असताना पृष्ठभागावरचे एक प्रथिन ट्रिप्सिनच्या तडाख्यातून वाचते आणि कॅल्शियम काढून घेतले की त्याचे तुकडे होतात, असा अर्थ त्यांनी लावला. १९७७ मध्ये ही मांडणी प्रसिद्ध झाली आणि पुढे या प्रथिनकुलाला ‘कॅडहेरिन’ म्हटले जाऊ लागले. द्रावण बदलून गप्प बसणे सोपे होते. ताकेइची यांनी तसे केले नाही.

कॅडहेरिन पेशीला पेशीशी जोडते. पेशी आणि आधारद्रव्य यांच्यातील जोडाचा शोध मात्र कर्करोगाच्या अभ्यासातून लागला. १९७३ मध्ये लंडनमध्ये काम करणारे रिचर्ड हाइन्स यांना असे दिसले, की विषाणूमुळे कर्करोगी बनलेल्या पेशींच्या पृष्ठभागावरून एक मोठे प्रथिन नाहीसे होते. पुढे फायब्रोनेक्टिन या नावाने ओळखले गेलेले हे प्रथिन अशा पेशींना बाहेरून पुरवले असता त्या पुन्हा पसरट झाल्या आणि त्यांच्या आतील, पेशीला आकार देणाऱ्या ॲक्टिन या प्रथिनाचे तंतूही पूर्ववत जुळून आले. त्यांची वाढ मात्र आटोक्यात आली नाही, त्यामुळे सगळा दोष याच प्रथिनाच्या अभावाला देता येईना. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातला सर्वांत बोलका प्रयोग हाच आहे, कारण पेशीच्या बाहेर केलेल्या बदलाने पेशीच्या आतली रचना बदलली होती. म्हणजे मधल्या पेशीपटलातून आरपार जाणारे काहीतरी असलेच पाहिजे.

१९८४ मध्ये पिअर्शबाकर आणि रुओस्लाहती यांनी दाखवले, की दोन हजारांहून अधिक ॲमिनो आम्लांच्या या शृंखलेत पेशीला पकडण्यासाठी आर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल हा छोटा क्रम कळीचा आहे. हा क्रम पकडणाऱ्या, पटल भेदून जाणाऱ्या ग्राही प्रथिनाला १९८६ मध्ये ‘इंटेग्रिन’ हे नाव मिळाले. सस्तन प्राण्यांत १८ अल्फा आणि ८ बीटा उपघटकांच्या जोड्यांतून २४ इंटेग्रिने बनतात, हे पुढे निश्चित झाले.

इंटेग्रिनच्या आतील टोकाला स्वतःची विकरक्रिया, म्हणजे रासायनिक बदल घडवण्याची क्षमता, नसते, त्यामुळे ते संदेश कसा देते हा प्रश्न उरला. १९९२ मध्ये पेशीच्या चिकटण्याच्या ठिकाणी गोळा होणारे एक टायरोसिन कायनेज (प्रथिनांना फॉस्फेट जोडून संदेश पुढे नेणारे विकर), ‘फोकल ॲढेजन कायनेज’, सापडले. इंटेग्रिन बांधले गेले की ते कार्यान्वित होते. दोन वर्षांनी फ्रिश आणि फ्रान्सिस यांनी दाखवले, की आधार तुटलेल्या उपकला-पेशी (अवयवांच्या अस्तराच्या पेशी) स्वतःहून मरणाची प्रक्रिया सुरू करतात. संदेशांची वाहतूक उलट दिशेनेही चालते : रक्तातील बिंबिकांवरचे (प्लेटलेटवरचे) इंटेग्रिन एरवी मिटलेले असते आणि इजा झाल्यावर आतून आलेल्या संदेशानेच ते फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन पकडण्याजोगे उघडते. ही सोय नसती, तर रक्त वाहता वाहताच गोठले असते.

बिंबिकांच्या या इंटेग्रिनला अडवणारे अब्सिक्सिमॅब हे औषध १९९४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. हाइन्स आणि रुओस्लाहती यांना टिमोथी स्प्रिंगर यांच्यासह २०२२ चा लास्कर पुरस्कार मिळाला. ज्या कर्करोगाच्या अभ्यासातून हे सारे सुरू झाले, त्यात मात्र तसे यश आलेले नाही. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या गाठीवर इंटेग्रिनरोधक सिलेंजिटाइडची मोठी चाचणी झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार रुग्णांचे आयुर्मान त्या औषधाने वाढले नाही.