कुलमंडळाची नोंदणी: इंदूरच्या मराठी घराण्यांनी काय तयारी ठेवावी

1818 च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि दक्षिणेतून आलेली कितीतरी घराणी इथलीच झाली. मूळगाव कोकणात नाहीतर देशावर, कुलदैवत तिकडेच, माणसं मात्र लोकमान्यनगर, सुदामानगरात. अशा घराण्याची वंशावळ बहुधा एखाद्या काकांच्या वहीत असते. आमच्याकडेही होती. काका गेले, घर विकलं, वही कुठे गेली ते कुणालाच सांगता आलं नाही. म्हणून कळकळीने सांगते, कुलमंडळ वर्षातून एकदा जेवायला जमण्यापुरतं ठेवू नका. त्याची रीतसर नोंदणी करा, म्हणजे कागदपत्रं मंडळाच्या नावावर राहतील.

ही नोंदणी मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, 1973 खाली, फर्म्स एवं संस्थाएंच्या पंजीयकांकडे (म्हणजे रजिस्ट्रारकडे) होते. किमान सात सज्ञान माणसं लागतात. सातही एकाच घरातली घेऊ नका. निरनिराळ्या शाखांतली घेतलीत तर पुढे वंशावळीतल्या रिकाम्या जागा भरायला तीच उपयोगी पडतात.

सभासद कोण होऊ शकेल, हे नियमावलीत तुम्हीच ठरवायचं असतं आणि खरी चूक इथेच होते. बरीच मंडळं 'अमुक आडनावाची व्यक्ती' एवढंच लिहितात. पण दरबारी हुद्द्यावरून कुणी फडणीस झालं, कुणी मुजुमदार, कुणी गावावरून 'कर' लावलं. कूळ एकच, आडनावं तीन. म्हणून गोत्र किंवा देवक, कुलदैवत आणि मूळगाव यांवरून पात्रता ठरवा. दत्तक गेलेले आणि दत्तक आलेले दोघांचाही उल्लेख करा. लग्न होऊन गेलेल्या मुलींना पूर्ण सभासदत्व द्या. जुन्या वंशावळींत मुलींची नावंच नसतात. निदान आपल्या पिढीपासून तरी ती यावीत.

कागदपत्रं फार नाहीत. ज्ञापन पत्र (मंडळाचं नाव, पत्ता, उद्देश आणि कार्यकारिणीची नावं, पत्ते, व्यवसाय), नियमावली, सर्वांची ओळखपत्रं, कार्यालयाच्या पत्त्याचा पुरावा, जागा दुसऱ्याची असेल तर मालकाची संमती, आणि शपथपत्र. आधीच नोंदलेल्या संस्थेशी मिळतंजुळतं नाव चालत नाही.

इथल्या लोकांना हमखास अडवणारी गोष्ट म्हणजे 'ळ'. अर्ज हिंदीत, आणि आपल्या काळ्यांच्या आधारवर 'काले'. एका कागदावर काळे, दुसऱ्यावर काले असलं की अर्ज परत येण्याची भीती. अर्जात आधारवर आहे तसंच लिहा. वंशावळीत मात्र 'ळ' सोडू नका.

उद्देशांत स्नेहसंमेलन, शिष्यवृत्ती ही नेहमीची कलमं असतातच. त्यांच्याबरोबर 'कुलवृत्तांत प्रसिद्ध करणे' आणि 'घराण्याची मोडी कागदपत्रं, सनदा, पत्रं, छायाचित्रं जमवून जतन करणे' हेही स्पष्ट लिहा. तसंच मंडळ विसर्जित झालं तर उरलेली मालमत्ता समान उद्देशाच्या संस्थेकडे जाते. ते कलम लिहिताना कागदपत्रांचा वेगळा उल्लेख करा. पैशांचं काय करायचं ते सगळ्यांना आठवतं, ट्रंकेतले कागद कुणाच्या लक्षात येत नाहीत.

प्रमाणपत्र आलं की मंडळाच्या नावाने पॅन काढा, मग बँकेत खातं उघडा. सह्या दोघांच्या ठेवा. नोंदणी झाली म्हणजे देणगीदारांना आयकरात सूट मिळाली असं नव्हे, ती मंजुरी वेगळी असते आणि एकाच कुळापुरत्या मंडळाला ती मिळणं अवघड. तेव्हा देणगी मागताना तसं वचन देऊ नका.

पुढे दरवर्षी दोन कामं चुकवायची नाहीत: वार्षिक सभेनंतर 45 दिवसांच्या आत कलम 27 प्रमाणे कार्यकारिणीची यादी पंजीयकांकडे द्यायची, आणि कलम 28 प्रमाणे तपासलेला हिशोबही त्यांच्याकडे द्यायचा. सभेची तारीख ठरवतानाच हिशोब तपासणाऱ्याला गाठा. आणि त्याच सभेत, त्या वर्षी घराण्यात झालेले जन्म, लग्नं, मृत्यू इतिवृत्तात लिहून घ्या.