रंगीत शाया आल्या कुठून?

फाउंटन पेनसाठी आज शेकडो रंगांच्या शाया मिळतात. ज्या काळात सगळं जग फाउंटन पेननंच लिहीत होतं, त्या काळात मात्र बहुतेकांच्या पेनात निळी, काळी नाहीतर निळी-काळी शाईच असायची. रंगांना खरा बहर आला तो बॉलपेननं रोजचं लिखाण फाउंटन पेनकडून काढून घेतल्यानंतर.

युरोपात कित्येक शतकं कागदपत्रांची शाई मायफळ (ओकच्या झाडावर किड्यांमुळे येणारी गाठ), हिराकस (लोहाचा क्षार) आणि डिंक यांपासून बनत असे. मायफळातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि हिराकशीतलं लोह एकत्र येतं, कागदावर हवा लागली की काळं पडतं आणि तंतूंत असं मुरतं की पाण्यानं धुतलं जात नाही. ताजी असताना मात्र ही शाई इतकी फिकी की लिहिलेलं नीट दिसायचं नाही. म्हणून तिच्यात नीळ किंवा दुसरा एखादा रंग घालू लागले. १८३२ पासून लंडनमध्ये हेन्री स्टीफन्स यांनी बनवलेली निळी-काळी शाई प्रसिद्ध झाली. लोहयुक्त निळी-काळी आजही मिळते. तिनं पानभर लिहून पाहा. शेवटची ओळ लिहिताना निळी दिसते, तोवर वरच्या ओळी काळवंडायला लागलेल्या असतात. मला विचाराल तर आजच्या कुठल्याही चमकदार शाईपेक्षा मला याचंच जास्त अप्रूप आहे.

लाल शाईही जुनीच. ती पतंग नावाच्या आणि तशा इतर झाडांच्या लाकडापासून किंवा किरमिजी किड्यांपासून बनायची. हे सगळं बदललं १८५६ मध्ये. अठरा वर्षांचा विल्यम पर्किन कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या ॲनिलीनपासून क्विनीन हे हिवतापावरचं औषध बनवू पाहत होता. क्विनीन काही झालं नाही, भांड्यात काळा गाळ उरला आणि तो अल्कोहोलमध्ये सुरेख जांभळा उतरला. त्यानंतर थोड्याच वर्षांत लाल, निळे, हिरवे असे कृत्रिम रंग एकामागून एक निघाले. कापड रंगवणाऱ्यांनी ते उचलले, तसेच शाईवाल्यांनीही.

हे रंग पाण्यात पूर्ण विरघळतात आणि फाउंटन पेनला नेमकं तेच हवं होतं. १८८४ मध्ये लुईस वॉटरमन यांना ज्या रचनेचं पेटंट मिळालं, तिच्यात निबेखालच्या बारीक खाचांतून शाई खाली उतरते आणि हवा वर जाते. काजळी आणि लाखेची शाई त्या खाचांत वाळली की पेन बंदच पडतं. विरघळलेल्या रंगाची शाई वाळली तरी पाण्यानं सुटते.

पण यातले बरेच रंग उन्हानं उडतात आणि पाण्यानं पसरतात. त्यामुळे टिकायला हवं असं सगळं लिखाण निळ्या-काळ्याकडेच राहिलं. रंग वापरले गेले ते खूण म्हणून: दुरुस्तीला आणि हिशेबाला लाल. ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे पहिले प्रमुख मॅन्सफील्ड कमिंग हिरव्या शाईत नुसतं 'सी' असं अक्षर लिहून सही करत. त्यांच्यानंतरच्या प्रमुखांनीही ती प्रथा पाळली.

१९३८ मध्ये लाझ्लो बिरो यांनी बॉलपेनचं पेटंट घेतलं, १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या दुकानांत बॉलपेनं विकायला आली आणि पुढच्या काही दशकांत शाळा-कचेऱ्यांतून शाईचं पेन हटलं. उरले ते हौसेनं लिहिणारे. रंग टिकेल का, साहेबाला चालेल का, हे प्रश्न त्यांना नव्हते. २००७ मध्ये जपानच्या पायलट या पेन कंपनीनं इरोशिझुकू ही शायांची मालिका आणली. तिच्यातल्या रंगांना जपानी निसर्गावरून नावं दिलेली आहेत. जपानमधल्या काही दुकानांनी तर आपल्या गावाच्या नावानं शाया बनवून घेतल्या.

शाई निवडताना हा इतिहास कामाला येतो. बाटलीतल्या रंगावर जाऊ नका, कागदावर ओढून बघा. विरघळलेल्या रंगाची शाई रेघेत सगळीकडे सारखी बसत नाही; निब जिथे थांबते किंवा उचलली जाते, तिथे साचून गडद होते. ही छटा बघायची तर जाड निब आणि शाई चटकन न पिणारा कागद हवा. बारीक निबेत अर्धी मजा जाते. सोनेरी-चंदेरी कणांच्या शायांत कण तळाशी बसतात, म्हणून बाटली हलवून मगच पेन भरायचं आणि ते वरचेवर धुवायचं. लोहयुक्त शाईही पेनात आठवडेच्या आठवडे पडून राहू देऊ नये. ती आम्लधर्मी असते आणि वाळून साका धरते.