नामित आर्ग्युमेंट

फंक्शन (प्रोग्राममधील नाव दिलेला, पुन्हा वापरता येणारा भाग) कॉल करताना, म्हणजे वापरताना, मूल्यासोबत ते कोणत्या पॅरामीटरसाठी (फंक्शनने मूल्यासाठी ठेवलेल्या जागेसाठी) आहे त्याचे नावही लिहिण्याची सोय. एरवी मूल्याची ओळख केवळ क्रमावरून ठरते. ‘रामाने रावणाला मारले’ आणि ‘रावणाला रामाने मारले’ यांत मारणारा बदलत नाही, कारण तो विभक्तिप्रत्ययावरून कळतो. नामित आर्ग्युमेंटचे कार्य या प्रत्ययासारखे आहे.

उगमाबद्दल एकवाक्यता नाही. आयबीएम सिस्टिम/३६० च्या असेंब्ली (यंत्राच्या सूचनांजवळची भाषा) मॅक्रोंमध्ये १९६० च्या दशकातच कीवर्ड पॅरामीटर होते. मात्र मॅक्रो म्हणजे मजकुराची अदलाबदल, फंक्शन नव्हे. स्मॉलटॉक भाषेतील कीवर्ड संदेशांकडेही (तेथे कॉलला संदेश म्हणतात; १९७० चे दशक) बोट दाखवले जाते. तेथे कीवर्ड मिळूनच संदेशाचे नाव बनते, त्यामुळे त्यांचा क्रम बदलता येत नाही. टाइप (मूल्याचा प्रकार) तपासणाऱ्या कंपाइल्ड (चालवण्याआधी यंत्रभाषेत रूपांतरित होणाऱ्या) भाषांपुरते पाहता एडा भाषेचे १९८३ चे मानक हाच आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. तेथे ‘आयत(उंची => २४, रुंदी => ८०)’ अशा धर्तीवर कोणत्याही क्रमाने लिहिता येते; क्रमाने द्यायची मूल्ये मात्र आधी यावी लागतात. पुढे फोरट्रान ९० व सी शार्प (२०१०) या भाषांनी ही सोय स्वीकारली.

अशा भाषांत नावांची जुळणी कंपाइलर (हे रूपांतर करणारा प्रोग्राम) करतो, म्हणून प्रोग्राम चालताना त्यासाठी वेगळा वेळ जात नाही. फायदा सी भाषेतील ‘मेमसेट’ या फंक्शनवरून स्पष्ट व्हावा. त्याला मेमरीतील जागा, भरायचे मूल्य आणि बाइटांची संख्या या क्रमाने द्यावी लागते. शंभर बाइट शून्य करण्यासाठी (बफर, ०, १००) लिहितात. शेवटची दोन मूल्ये उलटी पडली तरी दोन्ही पूर्णांकच, त्यामुळे टाइप तपासणीत काही खटकत नाही. प्रत्यक्षात एकही बाइट पुसला जात नाही. मूल्यांसोबत नावे लिहिता आली असती, तर ही चूक टळली असती.

खरा आक्षेप वेगळा आहे. पॅरामीटरचे नाव ही एरवी फंक्शनची अंतर्गत बाब. ते कॉलमध्ये आले की लायब्ररीकाराला (इतरांसाठी तयार फंक्शने लिहिणाऱ्याला) बदलता येत नाही, बदलल्यास वापरणाऱ्यांचा कोड कंपाइल होत नाही. सी++ मध्ये एकच फंक्शन निरनिराळ्या ठिकाणी वेगळ्या नावांनी, किंवा नावांशिवायही, घोषित करता येते. मग ग्राह्य नाव कोणते? २०१४ मध्ये सी++ च्या मानक समितीपुढे आलेला नामित आर्ग्युमेंटचा प्रस्ताव भाषेत समाविष्ट झाला नाही. स्विफ्ट भाषेने कॉलमध्ये लिहायचे बाहेरचे लेबल आणि फंक्शनमधील आतले नाव वेगळे ठेवले. लेबल मुद्दाम ठरवलेले असते, आतले नाव केव्हाही बदलता येते. नव्या भाषेसाठी हाच मार्ग अधिक सुरक्षित दिसतो, जरी त्यात लेबलांचा क्रम मोकळा राहत नाही.