डॉलर अमेरिकेत जन्मला नाही

'डॉलर' हा मूळचा अमेरिकन शब्द, असं आपण कित्येक वर्षं ऐकत आलो आहोत. ते खरं नाही. हा शब्द आला चेक प्रजासत्ताकातल्या याखिमोव्ह या चिमुकल्या गावातून.

जर्मनीच्या सीमेलगत, क्लिनोवेत्स (१२४४ मीटर) या शिखराच्या पायथ्याशी, एका अरुंद दरीत हे गाव वसलंय. १५१६ मध्ये इथे चांदी सापडली आणि श्लिक सरदारांनी नाणी पाडायला सुरुवात केली. गावाचं जर्मन नाव योआखिमस्टाल. 'टाल' म्हणजे दरी. म्हणून नाणं झालं 'योआखिमस्टालर', पुढे नुसतं 'टालर', डच बोलीत 'डालर' आणि इंग्रजीत 'डॉलर'. अमेरिकेने हे नाव अधिकृत केलं ते १७९२ च्या कायद्याने, म्हणजे तब्बल पावणेतीनशे वर्षांनी! जुनी टांकसाळ आजही उभी आहे. तिथे आता संग्रहालय आहे.

दुसरा गैरसमज रेडियमचा. त्याचा शोध याखिमोव्हमध्ये नव्हे, पॅरिसमध्ये लागला, १८९८ साली. मात्र त्यासाठी क्युरी दांपत्याने वापरलेलं युरेनियमचं खनिज इथल्याच खाणीतलं. याच युरेनियमपायी दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीने इथल्या छावण्यांत हजारो राजकीय कैद्यांना राबवलं. डॉलरची गोष्ट सांगताना त्यांना विसरणं मला अन्यायाचं वाटतं.