नवी पाने पिवळी, शिरा हिरव्या: कुंडीत हिराकस टाकण्यापूर्वी वाचावे

एक्झोरा, अनंत, गुलाब, जास्वंद किंवा लिंबू कुंडीत लावणारे आमचे ग्राहक बहुधा एकच तक्रार घेऊन येतात. शेंड्याकडची नवी पाने फिकट पिवळी निघतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) घालूनही काही फरक पडत नाही. हे लोहाच्या कमतरतेचेच लक्षण आहे, कारण लोह एकदा पानात गेले की तिथून सहजी हलत नाही आणि उणीव नव्या पानांवर आधी दिसते. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडत असतील, तर बहुधा नत्र कमी पडलेले असते आणि पुढचा मजकूर त्या झाडासाठी नाही.

दख्खनच्या काळ्या पाषाणापासून बनलेल्या आपल्या मातीत लोह भरपूर असते; ते मुळांना विरघळलेल्या रूपात मिळत नाही, ही खरी अडचण आहे. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) एका अंकाने वाढला, तर या लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. एक्झोरा किंवा लिंबाचे मूळ ही अडचण स्वतः सोडवू पाहते. ते आम्ल बाहेर सोडते, पृष्ठभागावरील एका विकराच्या (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाच्या) साहाय्याने फेरिक लोहाचे सहज विरघळणारे फेरस लोह करते आणि ते एका वाहक प्रथिनाद्वारे आत घेते. मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या झाडात या प्रथिनांची जनुके सापडली आहेत: वाहकाचे आयआरटी१ हे १९९६ मध्ये आणि विकराचे एफआरओ२ हे १९९९ मध्ये. ही जनुके चालू करण्याचे काम मुख्यतः ‘फिट’ नावाचे नियंत्रक प्रथिन करते. लोह कमी पडले की मुळात एथिलीन आणि ऑक्झिन ही संप्रेरके वाढतात व या यंत्रणेला जोर देतात, तर सायटोकायनिन हे संप्रेरक तिला आवरते. म्हणूनच पाने पिवळी असताना सायटोकायनिन असलेले ‘टॉनिक’ घालू नये, असे आम्ही सांगतो, जरी आमच्याच मांडणीवर अशा बाटल्या विक्रीला असल्या तरी.

पुरेसे लोह मिळाले की मूळ ही जनुके आवरती घेते, कारण जादा लोह पेशींना घातक असते. शिवाय हा वाहक जस्त, मँगनीज, प्रसंगी कॅडमियमही आत ओढतो. त्यामुळे मात्रा दुप्पट केल्याने झाड दुप्पट वेगाने हिरवे होत नाही. उलट लोहाच्या अतिरेकाने मँगनीजची कमतरता निर्माण होऊ शकते.

आता ज्या एका चुकीत ग्राहकांचे महिने जातात, तिच्याविषयी. बहुतेकजण हिराकस चमच्याने मोजून थेट मातीत टाकतात आणि वरून बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी घालतात. हिराकसाचे हिरवट द्रावण बाटलीत उघडे ठेवले, तर ते तपकिरी होऊन तळाशी गंजासारखा गाळ बसतो; चुनखडीयुक्त मातीत हेच याहून लवकर घडते. पाण्यातील बायकार्बोनेट तर मुळाने सोडलेले आम्लही निष्प्रभ करते, त्यामुळे जनुके चालू असूनही विकराचे काम रखडते. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसत असेल, तर वाटीत थोडी कोरडी माती घेऊन तीवर पांढरे व्हिनेगर टाकून पाहावे. माती फसफसली, तर तिच्यात चुना आहे. अशा कुंडीत हिराकस ओतणे व्यर्थ आहे. मातीत सतत पाणी तुंबून राहत असेल, तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती या कामात आणखी मागे पडतात.

सोसायटीच्या बागेत एक्झोराचे कुंपण पिवळे असताना शेजारची हिरवळ हिरवीगार कशी, असेही विचारले जाते. गवतवर्गाचे मूळ लोहाला धरून ठेवणारे खास पदार्थ मातीत सोडते आणि त्यांनी पकडलेले फेरिक लोह त्या पदार्थांसह आत घेते. ही पद्धत सामूने तितकीशी अडत नाही.

चिलेट म्हणजे लोहाला धरून ठेवून विरघळलेले राखणारे संयुग. आमचे ईडीडीएचए प्रकारचे लोह चिलेट महाग का, यालाही कारण आहे. ईडीटीए हे दुसऱ्या प्रकारचे चिलेट अल्कधर्मी मातीत लोह सोडून देते. ईडीडीएचए सामू ९ पर्यंत ते धरून ठेवते. हे लालसर चूर्ण डब्यावरील मापानेच पाण्यात विरघळवून मुळाशी घालावे. हिराकस घरात असेलच, तर लिटरभर पाण्यात २ ते ५ ग्रॅम घेऊन चिमूटभर लिंबूसत्व घालावे आणि ताजे द्रावण संध्याकाळी पानांवर फवारावे. फरशीवर उडाल्यास डाग पडतात. पावसाचे पाणी साठवता आले, तर या झाडांसाठी ते सर्वांत उत्तम. ते नसेल, तर महापालिकेचे नळाचे पाणी वापरावे.

जुनी पिवळी पाने पूर्ववत हिरवी होतीलच असे नाही, म्हणून परिणाम नव्या पालवीवर तपासावा. पिवळे पडलेले रोप आम्ही बदलून देत नाही, कारण त्याच मातीत आणि त्याच पाण्यावर दुसरे रोपही तसेच होते. त्याऐवजी तुम्ही घालता ते पाणी बाटलीत आणि मूठभर माती पिशवीत घेऊन यावे. दोन्हींचा सामू आम्ही दुकानातच विनामूल्य तपासून देतो.