कमोडची उंची: बसण्यापेक्षा उठण्याचा प्रश्न

कमोड निवडताना त्याचा आकार, रंग आणि पाणी सोडण्याची पद्धत यांची बारकाईने चौकशी होते. उंची मात्र जी मिळेल ती स्वीकारली जाते. प्रत्यक्षात गुडघ्यांना रोज जाणवते ती उंचीच. नेहमीच्या कमोडची सीट जमिनीपासून साधारण ३८ ते ४१ सेंटिमीटरवर असते, तर ‘कम्फर्ट हाइट’ या नावाने विकल्या जाणाऱ्या कमोडची ४३ ते ४८ सेंटिमीटरवर. हा दुसरा पल्ला अमेरिकेतील दिव्यांगांसाठीच्या सुगमता मानकांशी जुळणारा आहे, आणि चाकाच्या खुर्चीवरून सीटवर सरकणे त्या उंचीमुळे सोपे जाते. ‘कम्फर्ट’ हा शब्द विक्रेत्यांचा असल्यामुळे ही उंची सर्वांनाच सुखाची असेल, असे गृहीत धरू नये.

सुखाची उंची शोधण्यासाठी आधी माणूस मोजावा लागतो. पाऊल जमिनीवर सपाट टेकवून बसले असता जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत जे अंतर भरते, ते या बाबतीत सर्वांत उपयोगी माप होय. प्रौढांमध्ये ते साधारण ३५ ते ५० सेंटिमीटर असते, म्हणजे एकाच घरातील दोन व्यक्तींमध्येही दहा सेंटिमीटरचा फरक सहज पडू शकतो. सीट या मापापेक्षा बरीच उंच असली, तर टाचा अधांतरी राहतात, शरीराचा भार सीटच्या पुढच्या कडेवर येऊन मांडीखालच्या नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि थोड्याच वेळात पायांना मुंग्या येतात. बुटक्या व्यक्तीला उंच कमोड नकोसा वाटतो, त्याचे कारण हे आहे.

सीट फार खाली असली की खरी अडचण उठताना येते. साठ किलो वजनाच्या माणसाने आठ सेंटिमीटर जास्त उंच उठण्यासाठी लागणारी ऊर्जा पन्नास ज्यूलच्याही आतली, म्हणजे नगण्यच आहे. पण सांध्यांचा हिशोब ऊर्जेने होत नाही. गुडघा जितका जास्त दुमडलेला, तितक्या अवघड कोनातून मांडीच्या पुढच्या स्नायूंना शरीर उचलण्याची सुरुवात करावी लागते, आणि तोल पावलांवर आणण्यासाठी धडही जास्त पुढे झुकवावे लागते. आसन उंच केल्यास गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा ताण लक्षणीय घटतो, हे खुर्चीवरून उठण्याच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णांना काही काळ गुडघ्यापेक्षा खालच्या आसनावर बसू नका असे अनेकदा सांगितले जाते, तेही सांधा प्रमाणाबाहेर दुमडू नये म्हणूनच.

उंच सीटच्या विरोधात नेहमी मांडला जाणारा मुद्दा पोट साफ होण्याचा आहे. गुदाशयाभोवती एक स्नायू गोफणीसारखा अडकलेला असतो आणि तो मार्गाला बाक देऊन धरतो. उकिडवे बसल्यावर हा बाक बराच सरळ होतो. मग सीट जितकी खाली तितके चांगले, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २८ निरोगी व्यक्तींना ४१–४२ सेंटिमीटर उंच सीट, ३१–३२ सेंटिमीटर उंच सीट आणि उकिडवी बैठक अशा तीन प्रकारे मलविसर्जन करण्यास सांगितले, तेव्हा सरासरी वेळ अनुक्रमे १३०, ११४ आणि ५१ सेकंद लागला. अभ्यास छोटा आहे, तरी त्यातला संकेत महत्त्वाचा वाटतो: सीट तब्बल दहा सेंटिमीटर खाली आणूनही फायदा जेमतेम १६ सेकंदांचा झाला, खरा फरक पडला तो बैठकच बदलल्यावर. एवढ्याशा लाभासाठी गुडघ्यांना रोज त्रास देणे मला पटत नाही.

म्हणून उंची ठरवताना उठण्याचा विचार आधी करावा. घरात गुडघेदुखी किंवा खुब्याचा विकार असलेली व्यक्ती असेल, तर तिच्या लवणीच्या मापाइतकी किंवा त्याहून दोन-चार सेंटिमीटर जास्त उंची घ्यावी. इतरांना पायाखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे स्थिर पाट किंवा स्टूल ठेवता येते. ते उठण्यापूर्वी बाजूला सारावे, नाहीतर अडखळून पडण्याचा धोका असतो. अशी व्यक्ती नसेल, तर घरातील सर्वांत बुटक्या प्रौढाची पावले सपाट टेकतील ती उंची चांगली. पुढे गरज पडल्यास सीटवर उंचवटा बसवता येतो आणि भिंतीला भक्कम आधारदांडाही लावता येतो.

माप घेताना एक चूक फार होते. माहितीपत्रकातील उंची कित्येकदा भांड्याच्या काठापर्यंतची असते. सीटची जाडी त्यात आणखी दोन-अडीच सेंटिमीटरची भर घालते. भिंतीला टांगलेल्या कमोडची उंची हवी तशी ठेवता येते आणि खाली मोकळी जागा असल्यामुळे उठताना टाचा मागे घेणेही सोपे जाते, पण त्याची चौकट भिंतीत बसवताना बहुधा फरशी घातलेली नसते. फरशी आणि तिच्याखालचा थर मिळून पाच सेंटिमीटरचा झाला, तर ४५ सेंटिमीटरवर आखलेली सीट शेवटी ४० वर येते. त्यामुळे चौकट बसवण्यापूर्वीच तयार फरशीची पातळी भिंतीवर रेघ ओढून दाखवावी आणि सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचे माप त्या रेघेपासूनच मोजायला सांगावे.